अर्जातलं हत्यार

गौतमच्या कोर्टातल्या फायलीत दोन अर्ज होते. एक त्याला पकडावं म्हणून दिलेला आणि दुसरा त्याला सोडावं म्हणून. दोन्ही मीच लिहिले होते, चार दिवसांच्या अंतरानं, एकाच पेनानं.

पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केल्यावर मी अफझलगंजच्या पलीकडे एका गल्लीत असलेल्या आमच्या मराठी वाचनालयाचा मानद चिटणीस झालो. मानद चिटणिसानं सकाळी दहाला दार उघडायचं, वर्तमानपत्रं लावायची, पुस्तकांची नोंद ठेवायची आणि समितीला लागतील ते अर्ज इंग्रजीत लिहून द्यायचे. बोलणं मला कधी जमलं नाही. चार माणसांत उभा राहिलो की वाक्याचा शेवट सापडत नाही. कागदावर मात्र सापडायचा, आणि तो सापडला की मला स्वतःबद्दल जरा बरं वाटायचं.

गौतम छत्तीस वर्षांचा. पॉलिटेक्निक शिकत असताना त्याचं मन आजारी पडलं, ते पुढं कधी नीट झालं, कधी बिघडलं. वडील नाहीत. आई, त्रिवेणीबाई, दिलसुखनगरला कोचिंगच्या मुलांच्या एका हॉस्टेलात पोळ्या लाटायला जायच्या, सकाळी सव्वादहाच्या बसनं. त्यामुळं गौतम दहाला आमच्याकडं यायचा आणि चारला जायचा. सहा वर्षं हे चाललं होतं. आमच्याकडं वर्तमानपत्रं हातभर लांब लाकडी दांडीला अडकवून देतात, म्हणजे पानं सुटत नाहीत आणि कोणी घरी नेत नाही. त्याचा पेपर मी आधीच दांडीला लावून ठेवायचो. तो "काका" म्हणायचा, मी पेपर द्यायचो. एवढंच आमचं बोलणं. मला वाटतं, सहा वर्षांत मी त्याला एकदाही जेवलास का म्हणून विचारलं नाही.

फेब्रुवारीत त्यानं गोळ्या बंद केल्या होत्या. हे आम्हाला नंतर कळलं. आम्हाला दिसलं ते इतकंच की तो छोट्या जाहिरातींवर बोट ठेवून पुटपुटायला लागला. एका सोमवारी तो एकदम उठला आणि पेपर हातात धरून माझ्या टेबलाजवळ आला.

"काका, माझं नाव रोज छापून येतंय. हे तुम्ही छापलं का?"

मी नाही म्हणायला हवं होतं. एक शब्द. पण तो फार जवळ उभा होता, त्याचे डोळे झोप न झालेले होते, आणि मी खुर्ची मागं सरकवून टेबलाच्या पलीकडं गेलो. त्यानं पुन्हा विचारलं. मग पेपर झटकला, दांडी कपाटाला लागली आणि काच फुटली. दोन म्हातारे वाचक बाहेर पळाले. त्यानं पेपर फाडला, टेबल ढकललं, त्या कागदांत खाली बसून थोडा वेळ रडला आणि उठून घरी गेला. कोणाला खरचटलंही नाही.

संध्याकाळी आमचे अध्यक्ष हिम्मतराव आले. त्यांचं कापडाचं दुकान आहे, माणूस बोलका आणि मनानं वाईट नाही. काच बघून म्हणाले, "लक्ष्मणराव, एक कडक अर्ज लिहा. मागं गल्लीतल्या कचऱ्याचा लिहिला होता तसा नक्को. साध्या अर्जाला कोण विचारतंय यार."

"काय लिहू?"

"असं लिहा की ठाण्यात वाचणारा खुर्चीत ताठ बसला पाहिजे. दोन दिवस त्याला बसवून ठेवतील, डरकावतील, सोडतील. आपल्या मागची परेशानी जाईल."

मला माहीत होतं कसं लिहायचं ते. नोकरीत मी हेच शिकलो होतो. नुसती गळती लिहिली तर कागद फायलीत जातो, गाव वाहून जाण्याचा संभव लिहिला तर साहेब जीप काढतात. मी लिहिलं की सदर इसम वाचनालयात जबरदस्तीनं घुसला. मी लिहिलं की तो लाकडी हत्यारानं सज्ज होता. आणि मी लिहिलं की त्यानं निम्नस्वाक्षरीकर्त्यास जिवे मारण्याची धमकी दिली. दार मीच उघडलं होतं, रोजच्यासारखं दहाला. हत्यार मीच त्याच्या हातात दिलं होतं, पेपर लावून. आणि धमकी म्हणजे त्याचा तो प्रश्न.

लिहून झाल्यावर मी तो परिच्छेद दोनदा वाचला. इंग्रजी छान उतरलं होतं. हिम्मतराव वाचून "वा" म्हणाले आणि मला आनंद झाला. हे लपवण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी गौतमला घरून नेलं. डरकावून सोडलं नाही. हत्यार घेऊन घुसला म्हटल्यावर जे कलम लागलं त्याला लगेच जामीन नव्हता. तो जेलमध्ये गेला.

त्रिवेणीबाई शुक्रवारी वाचनालयात आल्या. पदराखाली डबा होता.

"भाऊ, कोणीतरी लई वाईट लिहून दिलं म्हणे गौतमबद्दल. पोलिसवाला म्हणतो, केस बडा है अम्मा. तुमचं इंग्लिश चांगलंय. जजसाहेबाला एक अर्ज लिहून द्या."

मी सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण त्या समोरच्या बाकावर बसून पदरानं कपाळ पुसत होत्या आणि माझ्याकडं अशा विश्वासानं बघत होत्या की मी कागद पुढं ओढला. लिहिलं की माझा मुलगा आजारी आहे, त्यानं आजवर कोणावर हात उगारलेला नाही, त्याला उपचारांची गरज आहे, शिक्षेची नाही. हाही अर्ज चांगला उतरला. त्यांनी जपून सही केली, कागद डोळ्यांना लावला आणि डबा माझ्यापुढं ठेवला.

"हॉस्टेलातलं नाही, घरचं केलंय."

ज्वारीची भाकरी आणि मेथीचं बेसन होतं. मी ते सगळं खाल्लं.

तीन आठवड्यांनी योगिनीचा फोन आला. ही पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, दिलसुखनगरलाच वाढलेली, घर मराठी. तिची संस्था मन आजारी असल्यामुळं जेलमध्ये अडकलेल्या माणसांना कोर्टाकरवी बाहेर काढून घरच्या घरी उपचारांना लावते. म्हणाली, वाचनालय बंद असेल त्या दिवशी भेटू. मला वाटलं माहिती हवी असेल. ती आली तेव्हा मागं त्रिवेणीबाई होत्या.

तिनं टेबलावर दोन झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवल्या.

"अंकल, मी एक्स्पर्ट तर नाही. पण हँडरायटिंग ओळखता येते. हे दोन्ही तुमचेच ना?"

त्रिवेणीबाईंनी एका कागदावर बोट ठेवलं. "हौ, हा भाऊंनीच लिहून दिला. माझी सही आहे बघ. हा दुसरा कोणता?"

"हा कंप्लेंटचा आहे, आंटी."

त्रिवेणीबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी कागदाच्या कडा जुळवत बसलो.

"वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. "मराठीत सांगा. मला बी कळू द्या."

मी वाचायला लागलो आणि वाचता वाचता मऊ करत गेलो. म्हणालो, "सदर गृहस्थ अस्वस्थ अवस्थेत वाचनालयात आले..."

"अंकल," योगिनी म्हणाली, "अस्वस्थ कुठंय तिथं? जबरदस्ती घुसला लिहिलंय."

"जबरदस्तीनं घुसला," मी म्हणालो. "त्याच्या हातात लाकडी... वस्तू होती."

"वेपन लिहिलंय."

"हत्यार," मी म्हणालो.

"कोणतं हत्यार?" त्रिवेणीबाईंनी विचारलं. "आमच्या घरी विळी आहे, ती तर घरीच होती."

"पेपरची दांडी."

त्यांनी भिंतीकडं बघितलं. तिथं खिळ्यांवर ओळीनं आठ दांड्या टांगलेल्या होत्या.

"ती? ती तर तुम्हीच देता की त्याच्या हातात."

मी मान हलवली. पुढचं वाक्य धमकीचं होतं, तेही वाचलं. त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"तुम्हाला त्याचं भ्या वाटत होतं तर मला सांगायचं होतं भाऊ. मी नसतं पाठवलं. कुलूप लावून गेले असते." मग म्हणाल्या, "तो डबा खाल्ला का त्या दिवशी?"

"हो."

"चांगलं केलं."

योगिनीनं पुढचं समजावून सांगितलं. जेलच्या डॉक्टरांनी गौतमला तपासून आजार लिहून दिला होता, दुसऱ्या गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि तो थोडा बरा होता. मॅजिस्ट्रेट मॅडम त्याला उपचारांच्या अटीवर घरी सोडायला तयार होत्या. दर आठवड्याला नर्स घरी येईल, जवळच्या केंद्रात डॉक्टर बघतील, महिन्याला कोर्टाकडं अहवाल जाईल, आणि नीट चाललं तर पुढं खटलाही मिटवता येईल. पण सरकारी वकील हरकत घेत होते. हत्यार घेऊन घुसलेल्या माणसाला वस्तीत कसं सोडायचं, म्हणत होते.

"मी एक चांगलं निवेदन लिहून देतो," मी म्हणालो. "गैरसमजातून तसा शब्दप्रयोग..."

"अंकल, आता लिहू नका, प्लीज," योगिनी म्हणाली. "आता कोर्टात येऊन बोला. आणि एक सवाल अजून आहे. आंटी कामाला जातात. दिवसा तो कुठं बसेल, हे मॅडम विचारणार. समितीला विचारा ना, इथं बसू देतील का."

मी हो म्हणालो. संध्याकाळी हिम्मतरावांच्या दुकानात गेलो.

"पागल झालात काय?" ते म्हणाले आणि मग दुकानातल्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून खाली वाकले. "खोटी तक्रार दिली म्हणून तुमच्यावरच केस घालतील. या वयात ठाण्याच्या चकरा मारणार? आणि त्याला परत आणून बसवायचं म्हणता, अलकाताईंसारख्या लेडीज मेंबर येतील का मग? खामखा लफडं. कोर्टाला कळवू की वाचनालय दिलगीर आहे, जागा नाही. बस."

मी त्यांनाही मान डोलावली. समोर जो असेल त्याला मान डोलावणं मला फार सोपं जातं.

तारीख गुरुवारची होती. मी नामपल्लीला गेलो. इस्त्रीचा सदरा घातला होता, हिंदीतली तीन वाक्यं पाठ केली होती. कोर्टाच्या फाटकाशी पोचलो तर आत वकील, पोलीस, बेड्या घातलेली माणसं, नातेवाईक, सगळे एकमेकांशी मोठ्यानं बोलत होते. पहिलं वाक्य आठवेना. मी उभा राहिलो, मग चालायला लागलो आणि स्टेशनवर जाऊन तिकिटाच्या खिडक्यांसमोरच्या बाकावर बसलो. योगिनीचे चार फोन येऊन गेले. पाचव्याला मी उचलला आणि बी.पी. वाढल्याचं सांगितलं.

पुढची तारीख अकरा दिवसांनी पडली. ते अकरा दिवस गौतम जेलमध्ये राहिला आणि ते माझ्यामुळं, इतर कोणाहीमुळं नाही. मी पुस्तक उघडून बसायचो आणि त्याच पानावर उठायचो.

पुढच्या तारखेच्या दिवशी सकाळी आठला माझ्या दाराची कडी वाजली. त्रिवेणीबाई होत्या. हॉस्टेलात सुट्टी टाकून आल्या होत्या.

"बी.पी.ची गोळी घेतली का भाऊ?"

"घेतली."

"मग चला. खाली ऑटो उभा आहे."

मला बी.पी. नाही, हे त्यांना ठाऊक होतं असं मला ऑटोत बसल्यावर कळलं. साऱ्या वाटेत त्या एवढंच बोलल्या, "तुमची पिशवी द्या इकडं, पडेल." पिशवी त्यांनी मांडीवर धरून ठेवली. मला वाटतं, तेवढ्यासाठी तरी मी पळून जाणार नाही असं त्यांना वाटलं असावं.

गौतम शिपायाशेजारी उभा होता. केस बारीक कापलेले, अंगानं उतरलेला. त्यानं मला बघितलं आणि रोज बघायचा तसाच बघितला, जणू मी पेपर घेऊन येणार आहे. मी खाली बघितलं.

माझं नाव पुकारलं. मी बोललो.

"जोर से बोलिए, सुनाई नहीं दे रहा," मॅडम म्हणाल्या.

पाठ केलेलं सोडून देऊन मी म्हणालो, "वो हथियार नहीं था. पेपर की लकड़ी थी. पढ़ने को हम ही देते हैं."

"जबरदस्ती घुसा, लिखा है."

"दरवाजा मैंने खोला था."

"और धमकी?"

"उसने पूछा था कि ये तुमने छापा क्या. उतना ही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ये आपकी हँडरायटिंग है. पढ़े-लिखे आदमी हैं. फिर लिखा क्यों?"

मला हिम्मतरावांचं नाव घेता आलं असतं. कचऱ्याचा अर्ज, खात्यातली चौतीस वर्षं, सगळं सांगता आलं असतं. पण त्रिवेणीबाई माझी पिशवी घेऊन मागच्या बाकावर बसल्या होत्या.

"लिखने में अच्छा लगा, मॅडम," मी म्हणालो.

मागं कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. खोट्या तक्रारीबद्दल तुमच्यावर काय काय होऊ शकतं ते त्यांनी मला सांगितलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं, आणि माझं म्हणणं लिहून घेतलं. वय बघून सध्या इतकंच, म्हणाल्या. कान इतके तापले होते की शेवटचं काही नीट ऐकू आलं नाही. सरकारी वकील उठले, काहीतरी बोलले आणि बसले. हत्यार गेल्यावर त्यांच्याकडं फुटलेली काच तेवढी उरली होती.

मग तो प्रश्न आला. दिवसा हा कुठं राहणार? योगिनीनं वाचनालयाचं पत्र पुढं केलं. त्यात दिलगिरी होती. ते पत्रही माझ्याच हातचं होतं, आदल्या आठवड्यातलं. हिम्मतरावांनी मजकूर सांगितला होता आणि मी भाषा नीट केली होती. मॅडमनी ते वाचलं, अक्षराकडं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं.

"मेरे घर में," मी म्हणालो. "दस से पाँच. मैं अकेला रहता हूँ."

हे मी चांगुलपणानं म्हणालो असं कोणाला वाटू नये. त्या अक्षराकडं त्या बघत होत्या, ते थांबावं म्हणून म्हणालो. पण त्यांनी ते लिहून घेतलं आणि आदेशात माझा पत्ता आला. दोन दिवसांनी गौतम सुटला.

समितीनं वाचनालयाच्या किल्ल्या परत मागितल्या. हिम्मतराव स्वतः आले, चहा प्याले, म्हणाले, "राग मानू नका लक्ष्मणराव, पण कोर्टात असं बोलतात का कोणी?" मी किल्ल्या दिल्या.

सोमवारी गौतम माझ्याकडं येणार होता. रविवारी मी स्वयंपाकघरातली सुरी, कात्री आणि बत्ता उचलून कपाटात धोतरांच्या खाली ठेवले. कोर्टात सगळ्यांपुढं हथियार नहीं था म्हणालेला माणूस मीच, आणि हेही मीच केलं.

तो दहाला आला. त्रिवेणीबाई खालूनच बसला पळाल्या. गौतमनं चपला नीट जोडून ठेवल्या, हातातली पिशवी टेबलावर ठेवली. आत पेरू होते.

"आईनं दिलेत. तुम्हाला पण." त्यानं इकडंतिकडं बघितलं. "काका, सुरी आहे का?"

"सुरी..." मी म्हणालो. "धार लावायला दिली आहे."

"बरं," तो म्हणाला. "जेलमध्ये पण नव्हती. तिथं दातानं खायचे." आणि त्यानं एक पेरू उचलून सदऱ्याला पुसला.

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तो शोधत होतो, पण नव्हता. तो माझी समजूत घालत होता.

"धार लावायला दिली नाही," मी म्हणालो. "लपवून ठेवली आहे."

त्यानं पेरू खाली ठेवला. "कुठं?"

"कपाटात. धोतरांच्या खाली."

"मग आणा की. आणि मीठ पण आणा."

मी सुरी आणली, मीठ आणलं, बशी आणली. तो टेबलाशी बसून फोडी करायला लागला, सावकाश, बिया एका बाजूला काढत. मी उभा होतो.

"बसा ना काका. उभे काहून?"

मी बसलो, पण दाराजवळच्या खुर्चीत. त्यानं ते बघितलं. सुरी टेबलावर ठेवली, उठला, फोडींची बशी मला तिथं आणून दिली आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसला.